बी विंगची बाळंतीण

माझ्या मोबाइलमध्ये एक अलार्म आहे. वेळ संध्याकाळी साडेसात, नाव ‘बाळंतीण’. डिसेंबर २०२३ मध्ये तो एकदा ऑफिसच्या कॅबमध्ये वाजला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही नेहमीसारखे अडकलेलो. शेजारी बसलेल्या टीममेटनं स्क्रीनवरचं नाव वाचलं, कानातले हेडफोन काढले आणि म्हणाली, “अरे, काँग्रॅट्स! लग्न कधी केलंस?”

मी म्हटलं, “लग्न नाही केलं. पण पाच झाली.”

तिनं हेडफोन परत कानात घातले आणि वाकडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

तर ही बाळंतीण म्हणजे काळी. आमच्या बाणेरच्या सोसायटीत बी विंगच्या पार्किंगमध्ये राहणारी, एक कान कायम पडलेला असणारी, अस्सल गावठी कुत्री. तिचं आणि माझं नातं तोवर एकदम प्रोफेशनल होतं. मी बाइक लावायचो, ती शेपटी हलवायची, मी खिशातली दोन ग्लुकोज बिस्किटं टाकायचो. दोन्ही पार्ट्या खूश. आपण प्राणिप्रेमी आहोत हा माझा समज या रोजच्या दोन बिस्किटांवर उभा होता.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी वॉचमन मामा म्हणाले, “साहेब, काळी गाभण हाय बघा.”

मी नीट बघितलं. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं, आचळं खाली आलेली, आणि बाकी अंगावर बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. मी बिस्किटं टाकली. तिनं हुंगली, खाल्ली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. ‘एवढंच?’ असा चेहरा.

मला एकदम टेन्शन आलं. पण ते काळीमुळे नव्हतं. मांजरीमुळे होतं.

जून २०२२. पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला. आमच्या जिन्यात, आगीच्या होजपाइपची ती लाल पेटी असते ना, तिच्याखाली एक पिल्लू ओरडत होतं. डोळे मिटलेले, मुठीत मावेल एवढं. मांजरी कुठेच दिसेना. मी दहा मिनिटं वाट बघितली. आता लिहिताना लाज वाटते, पण दहाच. मग ‘टाकून गेली बिचाऱ्याला’ असा निकाल देऊन मी त्याला घरी आणलं. पिशवीतलं दूध, त्यात थोडं पाणी, औषधाचा ड्रॉपर. तान्ह्या बाळाला घेतात तसं मांडीवर उताणं घेतलं आणि पाजलं. प्यायलं की! थोडं नाकातून बाहेर आलं, पण प्यायलं. मी फोटो काढला आणि इन्स्टावर टाकला. खाली लिहिलं, ‘न्यू फ्लॅटमेट’. धडाधड हार्ट आले. आपण एकदम हीरो.

सकाळी ते गार पडलेलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी मांजरी जिन्यात आली. पेटीखाली तोंड घालून हुंगत, घशातून वेगळाच आवाज काढत. वर गेली, खाली आली, परत पेटीपाशी आली. मामांनी सांगितलं, तिनं बाकीची तीन पिल्लं आदल्या दिवशीच एकेक करून तोंडात धरून टेरेसवर नेली होती. हे चौथं. त्याचा नंबर यायचा होता.

मी फोटो डिलीट केला. ही गोष्ट पुढे दीड वर्ष कुणाला सांगितली नाही.

म्हणून काळीचं पोट दिसल्यावर मी एक शहाणपणाची गोष्ट केली. काहीच न करता आधी जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, बोलायला तिखट. मी “माझ्या एका मित्राच्या बाबतीत असं झालं” अशी सुरुवात करून मांजरीच्या पिल्लाची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुमच्या मित्राला सांगा, त्याचं मन चांगलं होतं. बाकी सगळं चुकलं.”

आणि त्यांनी बोटांवर चुका मोजल्या.

एक, पिल्लू उचललं. मांजरी किंवा कुत्री खाण्यासाठी बाहेर जाते, कधी काही तास येत नाही. जागा बदलायची असेल तर एका वेळी एकच पिल्लू नेता येतं, तिला दोन हात नाहीत. पिल्लं गप्प झोपलेली असतील, पोटं गोल दिसत असतील, तर आई येऊन-जाऊन आहे असं समजायचं. लांब उभं राहून वाट बघायची. आपण तिथेच घुटमळलो तर ती येतच नाही. पिल्लू गारठलं असेल, जखमी असेल किंवा आई मेलीय हे नक्की माहीत असेल, तरच हात घालायचा.

दोन, थंड पिल्लाला पाजलं. नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करणं जमत नाही, पहिल्या काही दिवसांत ते थंडीनं कुडकुडूही शकत नाही. आणि अंग गार असलं की पोटही काम करत नाही. पाजलेलं तसंच पडून राहतं. आधी हळूहळू ऊब, मग दूध. हा क्रम उलटा झाला की पोटात अन्न असूनही पिल्लू जातं.

तीन, उताणं घेतलं. माणसाचं बाळ वेगळं, हे वेगळं. पिल्लू आईजवळ पोटावर पडून, मान किंचित वर करून पितं. पाजायची वेळ आलीच तर तसंच धरायचं. उताणं धरून ड्रॉपर दाबला की दूध फुप्फुसात. नाकातून दूध येणं म्हणजे ‘प्यायलं’ नव्हे.

चार, दूधच चुकीचं. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रोटीन आणि फॅट असतं, साखर मात्र कमी. मांजरीचं दूधही गाईच्या दुधापेक्षा कितीतरी सकस. गाईचं दूध, त्यात पुन्हा पाणी घातलेलं, म्हणजे पोट भरल्यासारखं वाटतं, अंगी लागत नाही आणि हगवण लागते. आई नसलेल्या पिल्लांसाठी तयार दुधाची पावडर मिळते, कुत्र्याची वेगळी, मांजराची वेगळी. तीही पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. शिवाय दर वेळी ओल्या कोमट कापसानं शी-शूची जागा हलकेच पुसायची. आई चाटते तेव्हाच त्यांना होते, आपोआप होत नाही.

मी गप्प बसलो होतो. मॅडम थोड्या मऊ झाल्या. म्हणाल्या, “हे सगळं करायची वेळ शंभरातून थोड्याच जणांवर येते. बाकीच्यांनी एकच करायचं. पिल्लांना नाही, आईला खायला घालायचं. पिल्लांचं ती बघते. तुमच्यापेक्षा बरं बघते.”

मी हे वाक्य ऑफिसच्या डायरीत लिहून घेतलं. त्या पानावर वर स्प्रिंट प्लॅनिंग आहे आणि खाली हे.

काळीसाठी मग डाएट प्लॅन ठरला. कुत्रीचे दिवस साधारण ६३, म्हणजे नऊ आठवडे. मांजरीचेही जवळपास तेवढेच. पहिले पाच-सहा आठवडे फार वेगळं काही लागत नाही. पिल्लं खरी वाढतात ती शेवटच्या तीन आठवड्यांत, आणि तेव्हा खाणं हळूहळू वाढवत नेहमीच्या सव्वापट-दीडपट करायचं. पण एकदम मोठी थाळी वाढून उपयोग नाही. आत पिल्लांनीच जागा अडवलेली असते, पोटाला फुगायला वाव नसतो. म्हणून थोडं थोडं, तीन-चार वेळा. बिस्किटं बंद. बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, पिल्लू त्यातून बनत नाही. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, भात, कधी दही. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण अजिबात नाही, शिजवलेली हाडं नाहीत, कारण ती तुकडे होऊन घशात आणि आतड्यात टोचतात. आणि निम्मं खाणं पिल्लांसाठी मिळतं ते पपी फूड. “पपी फूड आईला?” मी विचारलं. “हो. कमी जागेत जास्त ताकद मावते त्यात. कॅल्शियमचं मापही बरोबर असतं.”

कॅल्शियमवरून आठवलं. माझ्या फ्लॅटमेटनं उत्साहात मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या होत्या. मॅडमनी फोनवरच हाणून पाडल्या. म्हणे, गाभणपणात आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून रक्तात आणायची शरीराची यंत्रणा आळशी होते. मग दूध सुरू झाल्यावर एकदम मागणी वाढते आणि पुरवठा कोसळतो. कुत्री थरथरायला लागते, धापा टाकते, पाय ताठ होतात, झटके येतात. छोट्या जातीच्या, जास्त पिल्लं झालेल्या कुत्र्यांमध्ये हे जास्त दिसतं, पण दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. चांगुलपणानं घातलेली गोळीही नडू शकते, हे माझ्यासाठी नवीन नव्हतं. मी ड्रॉपरवाला.

आता सोसायटीत बातमी फुटली. आमच्याकडे बातमी फुटायला बी विंगचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो. सेक्रेटरी काकांनी रविवारी बोलावलं. “आज एक आहे, उद्या सहा होतील, वर्षानं वीस. लहान मुलं खेळतात खाली. जबाबदारी कोण घेणार?” खरं सांगू? त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. पिल्लं असलेली कुत्री राखण करते, जवळ गेलेल्या मुलावर धावू शकते. मीही अभ्यास करून गेलो होतो. मार्च २०२३ मध्ये आलेल्या केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीनंच खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवावी, ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असावी, असं लिहिलंय. तेच वाचून दाखवलं. (पुढे २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानंही रस्त्यात कुठेही नाही, ठरवून दिलेल्या जागीच खायला घाला, असं सांगितलं.) शेवटी सेटलमेंट झाली. जागा जनरेटर रूमच्या मागे. वेळ सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसात, मधला हप्ता मामांकडे. भांडी लगेच उचलायची. आणि पिल्लं दूध सोडली की काळीचं ऑपरेशन. शेवटची अट काकांची, पण ती माझीही होती.

मीटिंग संपल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या बेननी मला जिन्यात गाठलं. मूळच्या अहमदाबादच्या, पक्क्या शाकाहारी. मला वाटलं, चिकनच्या वासाची तक्रार आली. त्या म्हणाल्या, “बेटा, ती व्याली की मला सांग. शिरा मी करणार.”

“कुणाला शिरा?”

“कुत्रीला! आमच्या पोळीत कुत्री व्याली की आम्ही पोरं घरोघर फिरायचो. कुणी पीठ द्यायचं, कुणी गूळ, कुणी तेल, कुणी तूप. मोठ्या कढईत शिरा करायचा आणि तिला नेऊन द्यायचा. सगळ्या पोळीची बाळंतीण ती.” (पोळ म्हणजे अहमदाबादेतला वाड्यांचा मोहल्ला. मला आधी पुरणपोळीच वाटली.)

“आणि पिल्लांना काय द्यायचे?”

बेन हसल्या. “पिल्लांना कोण देतं? आईला दिलं की पिल्लांना पोचतं.”

मी जिन्यात उभाच राहिलो. डॉक्टर मॅडमनी फी घेऊन सांगितलेलं वाक्य अहमदाबादेतल्या फ्रॉकमधल्या पोरींना आधीपासून पाठ होतं.

आमच्या आईलाही फोनवर हे सांगितलं. साताऱ्याहून लगेच डबा आला. डिंकाचे लाडू. “तिला दे, बाळंतिणीला ताकद येते.” लाडवात बेदाणे होते. द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, किडनी निकामी होऊ शकते. मी आईला तसं सांगितलं नाही. लाडू मी आणि फ्लॅटमेटनं संपवले. ताकद आली.

१६ डिसेंबरच्या रात्री, शनिवारी, काळी जेवायला आली नाही. जनरेटर रूमच्या मागे आम्ही उलट्या खोक्यात पोती आणि जुनी चादर घालून ठेवली होती. तिथे ती चादर उकरत, धापा टाकत बसली होती. मामा म्हणाले, “आता लांबच ऱ्हावा.” आम्ही लांब राहिलो. पहाटेपर्यंत पाच झाली. तिनं एकेकाला चाटून कोरडं केलं आणि प्रत्येक जण रांगत आचळाला लागला. हे पहिल्या दिवसाचं दूध, चीक, फार मोलाचं. रोगांशी लढायची आईची शिदोरी त्यातूनच पिल्लांना मिळते, आणि ती घ्यायला साधारण पहिला एक दिवसच मिळतो. नंतर पिल्लाच्या आतड्यातून ती आत जात नाही.

सकाळी बेन वाटीत शिरा घेऊन हजर. मी मॅडमना विचारून ठेवलं होतं. थोडा चालेल, कढईभर नको, तूप-गुळानं पोट बिघडतं. काळीनं वाटी चाटून अशी लख्ख केली की बेननी ती दोनदा धुतली तरी फरक पडला नसता. मग चिकन-भात. मग भरपूर पाणी. दूध पाण्यानंच बनतं, हे आपण विसरतो. तिच्या भांड्यात पाणी आहे की नाही हे बघायचं काम पहिल्या मजल्यावरच्या एका चौथीतल्या मुलीनं घेतलं. तिनं पुठ्ठ्यावर पाटीही केली, ‘बाळंतीण आराम करत आहे. सेल्फी काढू नये.’

दुसऱ्या दिवशी एक पिल्लू गेलं. जन्मतःच कमजोर होतं, आचळ धरतच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, असं होतं, सगळी जगत नाहीत. मामांनी कंपाउंडच्या कडेला खड्डा खणला. मी ऑफिसला उशिरा गेलो आणि कारण विचारल्यावर ‘पर्सनल’ एवढंच सांगितलं.

आणि चौथ्या रात्री ती वेळ आलीच. पुण्यातली डिसेंबरची रात्र तुम्हाला सांगायला नको. झोप येत नव्हती म्हणून पावणेतीनला खाली उतरलो. बॅटरी मारली. काळी तिघांना घेऊन झोपलेली. सगळ्यात लहान, पांढऱ्या पायांचं, खोक्याच्या बाहेर फरशीवर. हात लावला तर फरशीइतकंच गार. तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता.

मी खोटं बोलणार नाही. माझा पहिला विचार फ्रीजमधल्या दुधाचा होता. पाय जिन्याकडे वळलेही. दीड वर्षापूर्वीचा तो अख्खा सीन माझ्या डोक्यात जसाच्या तसा तयार होता, ड्रॉपरसकट.

मग मी थांबलो. पिल्लाला टी-शर्टच्या आत, छातीला लावून धरलं, वरून जॅकेट. मामांनी त्यांच्या शेगडीवर पाणी गरम केलं, कोमट बाटली टॉवेलात गुंडाळून दिली. एकदम गरम काही लावायचं नाही, हळूहळू. मी पार्किंगमध्ये एका गाडीला टेकून बसलो. एक तास. मध्ये मध्ये वाटत होतं, गेलं. आयुष्यात एवढा वेळ मी काहीही न करता बसलेलो नाही. काहीतरी पाजावं, काहीतरी घालावं, हात नुसते शिवशिवत होते. नुसती ऊब देत बसणं हे किती अवघड काम आहे, ते तेव्हा कळलं.

चारच्या सुमाराला ते हललं. पोटावर पाय मारला आणि कुंई केलं. एवढंसं. काळीनं तिकडे मान वर केली.

मी खोक्याशी गेलो. पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ असं जाऊ नये, हे मला माहीत होतं. पण तीन आठवडे रोज माझ्याच हातचं खाल्लेलं होतं. तिनं माझा हात हुंगला, पिल्लाला हुंगलं आणि डोकं खाली ठेवलं. मी त्याला मागच्या भरलेल्या आचळाशी लावलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा धरलं. पुढच्या दोन पायांनी आचळ दाबत ते प्यायला लागलं आणि काळी त्याला चाटायला लागली.

मामा म्हणाले, “झोपा आता साहेब.” मी वर गेलो, अंडी उकडायला टाकली. पाजायचं काम ज्याचं त्यानं सुरू केलं होतं. माझं काम किचनमध्ये होतं.

पुढचे दिवस म्हणजे डेटा. फ्लॅटमेटचा प्रोटीन पावडर मोजायचा किचन स्केल मी जप्त केला. काळी पाय मोकळे करायला गेली की चौघांचं वजन घ्यायचं, एक्सेल शीटमध्ये टाकायचं. फंडा सोपा आहे. पिल्लू रोज थोडं तरी वाढलंच पाहिजे. वजन थांबलं किंवा घटलं तर डोळ्यांना दिसायच्या आधी काटा सांगतो. साधारण आठ-दहा दिवसांत जन्माच्या वजनाची दुप्पट व्हायला हवी. पांढऱ्या पायांचं १९० ग्रॅमवरून सुरू झालं होतं. बाराव्या दिवशी काटा ३८५ दाखवत होता. मी ग्रुपवर ग्राफ टाकला. सेक्रेटरी काकांनी अंगठा दिला.

आणि काळीची भूक? गाभण होती तेव्हा काहीच नव्हतं. दूध पाजणाऱ्या कुत्रीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट, पिल्लं जास्त असतील तर त्याहूनही जास्त खाणं लागतं. सगळे लोक गाभणपणात लाड करतात आणि पिल्लं झाली की पिल्लांभोवती गोळा होतात, खरी गरज असते तेव्हाच आई उपाशी. काळी दिवसातून चार वेळा खात होती आणि तरी बारीक दिसत होती. माझं बाहेरचं जेवण त्या महिन्यात बंद झालं. चिकनवाला मला बघितल्याबरोबर न विचारता बोनलेस वजन करायला लागला. बेन रोज पनीरचा एक तुकडा पाठवायच्या, “चिकन तू दे, माझा देव मला विचारेल.”

दोन आठवड्यांनी डोळे उघडले आणि जंताचं पहिलं औषधही झालं, पिल्लांचं आणि आईचं बरोबर. चौथ्या आठवड्यात पपी फूड कोमट पाण्यात भिजवून, लापशीसारखं करून, ताटलीत ठेवलं. चौघंही त्यात पायांसकट उतरली. आता, आणि आताच, पिल्लांना खायला घालायची आपली पाळी येते. दोन महिन्यांची झाल्यावर लशी सुरू करून तीन पिल्लं घरं बघून दिली. मार्चमध्ये काळीचं ऑपरेशन झालं. कानाला छोटी खाच घेऊन परत आली, त्याच पडलेल्या कानाला. पांढऱ्या पायांचं कुठे गेलं विचारता? सेक्रेटरी काकांच्या घरी आहे. सोफ्यावर झोपतं. त्यावर सोसायटीत कुणी बोलायचं नाही.

हे सगळं संपलं असं मला वाटलं होतं. पण मे २०२४ मध्ये मामांनी हळूच सांगितलं, ती जिन्यातली मांजरी परत व्यालीय, टेरेसवर टाकीच्या मागे.

मी वर गेलो नाही.

चिकनवाल्याकडून पेटा-कलेजी आणली. त्यातली कलेजी थोडीशीच घेतली, ती रोज भरपूर द्यायची नसते, बाकी चिकन. मांजर कुत्र्यासारखं भात-पोळीवर निभावत नाही. तिच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागणारं टॉरिन तिला मांसामधूनच मिळवावं लागतं, पिल्लांनाही ते दुधातूनच जातं. उकडून, गार करून, वाटीत काढलं. टेरेसच्या दाराशी वाटी ठेवली, शेजारी पाणी ठेवलं आणि एक जिना खाली येऊन पायरीवर बसलो.

दहा मिनिटं झाली. कुणी नाही. वीस झाली. वरून पिल्लांचा बारीक आवाज येत होता, एक जण जरा जास्तच ओरडत होतं. उठावंसं वाटलं. उठलो नाही. ऑफिसचा एक कॉल पायरीवर बसूनच म्यूट करून ऐकला.

सव्वा तासानं ती आली. माझ्याकडे बघितलंही नाही, बाजूनं वर गेली. मग वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला. खरडत, खरडत, पार भिंतीपर्यंत. नंतर थोडा वेळ काहीच नाही, आणि मग ओरडणारं पिल्लू गप्प झालं.

किती होती, कुठल्या रंगाची होती, मला अजून माहीत नाही. फोटो नाही. अलार्म मात्र ठेवलाय.